ऋषभ, रिषभ, रुषभ

सोलापूरच्या चाटी गल्लीत तीन पिढ्यांपासून घाऊक कापडाचा व्यापार असलेल्या एका हुमड जैन कुटुंबात नातवाचे नाव ठरायला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या नावाची इंग्रजी अक्षरे ठरायला मात्र अकरा महिने गेले.

बाळाचा जन्म अक्षय्य तृतीयेनंतर चौथ्या दिवशी झाला. सूनबाईंचे माहेर अहिल्यानगरचे. मारवाडी, ओसवाल, स्थानकवासी. त्यांच्या आईचे वर्षीतप त्याच वर्षी पूर्ण झाले होते, आणि उसाच्या रसाने पारणे होऊन आठवडा उलटायच्या आत नातू मांडीवर आला. भगवान ऋषभदेवांच्या दीर्घ उपवासाचे पारणे हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने दिलेल्या उसाच्या रसाने झाले, तीच ही तिथी. तेव्हा ‘ऋषभ’ हे नाव कोणी सुचवले असे म्हणण्यापेक्षा ते आपण होऊन दारी आले असेच म्हणावे लागेल. बाराव्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात ते सांगितले. सर्वांचे समाधान झाले.

त्याच संध्याकाळी समाधानाला पहिला तडा गेला. नगरहून आलेल्या आजोबांनी नातवासाठी चांदीची वाटी व चमचा आणला होता, आणि वाटीवर इंग्रजीत नाव कोरून घेतले होते. त्यात ‘आर’नंतर ‘आय’ होता. इकडे बाळाच्या वडिलांनी पेढ्यांच्या खोक्यांवर चिकटवण्यासाठी छापून घेतलेल्या दोनशे चिठ्ठ्यांवर ‘आर’नंतर ‘यू’ होता. वाटी आणि खोका एकाच टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले गेले. काही क्षण कोणी काही बोलले नाही. मग आत्या हसून म्हणाली, “बाळ एक आणि नावे दोन?” विषय तेवढ्यावर टळला, संपला मात्र नाही.

भांडणाचे मूळ ‘ऋ’ या एका स्वरात आहे. मराठी आणि गुजराती माणूस त्याचा उच्चार ‘रु’च्या जवळ करतो, हिंदी व मारवाडी माणूस ‘रि’ असा करतो. म्हणून महाराष्ट्रातील ऋतुजा, अमृता, कृष्णा या मुली शाळेच्या दाखल्यावर बहुधा ‘यू’ घेऊन येतात, आणि इंदूर-जयपूरच्या मुली ‘आय’ घेऊन. शासनाचे धोरण पाहावे तर भारताच्या नकाशांसाठी स्वीकारलेल्या हंटेरियन लिप्यंतरपद्धतीत ‘ऋ’साठी ‘आर-आय’ आहे. कृष्णा नदीही शासकीय इंग्रजीत ‘आय’नेच वाहते. तिच्या काठचा सांगलीकर मात्र तिला ‘क्रुष्णा’च म्हणतो आणि आपण काही चूक करीत आहोत असे त्याला कधी वाटत नाही.

व्यापारी घरातील माणसे वाद घालतात तेव्हा दोन्ही बाजू आपापला पुरावा घेऊन बसतात. नगरच्या आजोबांनी फोनवर आचार्य आनंदऋषीजी महाराजांचे उदाहरण दिले. नगरच्या भूमीत वावरलेल्या, अवघ्या महाराष्ट्राला पूज्य असलेल्या या आचार्यांचे नाव इंग्रजीत सर्वत्र ‘आय’ने लिहिले जाते, मग नातवानेच वेगळे का लिहावे? सोलापूरच्या आजोबांनी उत्तर दिले, “व्याहीसाहेब, लिहिताना आय असेल, पण आमच्याकडे महाराजसाहेबांचे नाव घेताना प्रत्येक जण आनंदरुषीजी म्हणतो.” अमेरिकेत स्थायिक झालेल्या चुलतकाकांचे म्हणणे असे, की ‘यू’ लिहिला तर तिकडचे लोक सुरुवातीलाच ‘रश’ असे वाचतील आणि मुलाला आयुष्यभर आपले नाव दुरुस्त करून सांगावे लागेल. सांगलीच्या मामांनी तिसराच पर्याय पुढे केला. दिगंबर परंपरेत प्रथम तीर्थंकरांना ‘वृषभनाथ’ही म्हणतात, तेव्हा ‘वृषभ’च ठेवावे. त्यावर आजींनी, शाळेतील मुले त्याला बैलोबा म्हणतील, एवढेच सांगितले आणि मामा गप्प बसले. पुण्याच्या मावशींनी अंकशास्त्र जाणणाऱ्या कोणाकडून तरी एक जादा ‘ए’ आणला. तो मधोमध घातला की मुलगा व्यापारात अपयश पाहणार नाही, असा त्यांना दिलासा मिळाला होता.

या जादा ‘ए’विषयी थोडे बोलले पाहिजे, कारण तो हल्ली पुष्कळ घरांत शिरला आहे. जैन कर्मसिद्धांतात आठ मूळ कर्मांपैकी एकाचे नावच ‘नामकर्म’ आहे. गती, जाती, शरीर, यश, अपयश या गोष्टी त्याच्या उदयाने येतात असे शास्त्र सांगते. त्याच्या अनेक प्रकृती ग्रंथांत बारकाईने वर्णिल्या आहेत. त्यांत इंग्रजी अक्षरांची प्रकृती कोठेही आढळत नाही. शिवाय या ‘ए’ला मावशींनी न पाहिलेली एक बाजू आहे. ज्याच्या नावात अनपेक्षित अक्षर असते त्याचे नाव प्रत्येक खिडकीवरचा माणूस ‘सुधारून’ लिहितो, आणि मग त्या सुधारणा निस्तरण्यात ज्याचे दिवस जातात तो नावाचा धनीच असतो.

अक्षरे एकाच तऱ्हेने बदलतात असे नाही. उसाच्या रसाच्या याच कथेतील श्रेयांसाचे नाव घ्यावे. अकरावे तीर्थंकरही श्रेयांसनाथच. हल्ली अनेक घरांत हे नाव नागरीतच ‘श्रेयांश’ असे लिहिले जाते, कारण दिव्यांश, वेदांश अशा नावांची चलती आहे आणि शेवटचा ‘श’ कानाला सफाईदार वाटतो. पण ‘स’चा ‘श’ झाला की शब्दच बदलतो. ‘अंश’ तेथे घुसतो आणि तीर्थंकरांचे नाव निघून जाते. ते आपल्या मुलाचे नाव म्हणून कोणाला आवडले तर त्यात दोष नाही, परंतु आपण तीर्थंकरांचे नाव ठेवले आहे या समजुतीत कोणी राहू नये. येथे चूक नागरी लिपीत होते आणि ती अर्थाची चूक आहे. ऋषभाच्या ‘आय’ व ‘यू’मध्ये अर्थाला धक्का लागत नाही, तेथे प्रश्न मुखाचा आहे, कोणत्या प्रदेशाच्या तोंडाने नाव घ्यायचे एवढाच. आणि मावशींचा ‘ए’ ना अर्थाचा, ना मुखाचा.

शास्त्राचा आधार मिळाला तर वाद मिटेल, या आशेने सोलापूरच्या आजोबांनी एका रविवारी पाठशाळेतील वयोवृद्ध पंडितजींना गाठले. आजोबांना वाटले होते की शास्त्र आपल्या बाजूने निघेल. पंडितजींनी आधी आदिपुराणाची गोष्ट सांगितली. जिनसेनाचार्यांनी त्यात नामकर्म ही क्रिया सांगितली आहे. जन्मानंतर बारा दिवस उलटल्यावर, जिनेंद्रांच्या १००८ नावांतील एक नाव घटपत्र विधीने घ्यावे, म्हणजे नावांच्या चिठ्ठ्या घटात घालून त्यांतील एक उचलावी. नवव्या शतकातील हा तोडगा आजच्या घरांनाही उपयोगी पडावा असा आहे. निदान नावावरून जावाजावांत अबोला तरी धरला जाणार नाही. पण चिठ्ठीवरचे नाव इंग्रजीत कसे लिहावे याची चिंता जिनसेनाचार्यांना नव्हती.

मग पंडितजींनी प्राकृताकडे मोर्चा वळवला, आणि आजोबांची निराशा झाली. प्राकृत भाषेला ‘ऋ’ हा स्वरच नाही. संस्कृतातील ‘ऋ’ तिच्यात शिरताना कधी ‘अ’, कधी ‘इ’, कधी ‘उ’, तर कधी ‘रि’ होतो. चतुर्विंशतिस्तवात प्रथम तीर्थंकरांचे नाव रोज ‘उसह’ किंवा ‘उसभ’ असे घेतले जाते, तेथे ओठांवर ‘उ’ आहे. आणि बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी आपल्या शब्दानुशासनाच्या आठव्या अध्यायात प्राकृताचे व्याकरण सांगितले, त्यात या शब्दाची ‘रिसह’ आणि ‘उसह’ अशी दोन्ही रूपे ग्राह्य धरली आहेत. म्हणजे नगर आणि सोलापूर यांचा हा तंटा निदान आठशे वर्षे जुना आहे, आणि आचार्यांनी तेव्हाच दोन्ही पक्षांना बरोबर ठरवून टाकले आहे. आजोबा घरी आले ते खिन्न होऊनच. दोन्ही बरोबर, हा निवाडा भांडणाऱ्याला कधीच गोड लागत नाही.

इकडे दिवस जात होते. रुग्णालयाने जन्माची माहिती २१ दिवसांच्या मुदतीत महापालिकेला कळवली होती आणि नोंद झालेली होती, पण बाळाच्या नावाची जागा रिकामी होती. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ प्रमाणे हे चालते. नाव नसतानाही जन्म नोंदवता येतो, आणि नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव कळवले तर शुल्क पडत नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येते. घरात सर्वांना ही सवलतच वाटली. परंतु या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी यांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच धरले जाते. पारपत्रासाठीही त्याच्याशिवाय जन्मतारखेचा दुसरा पुरावा चालत नाही. मागील पिढीत शाळेचा दाखला हा सगळ्या कागदांचा बाप होता. गुरुजींनी पहिलीत जे लिहिले ते आयुष्यभर टिकले. आता ती जागा महापालिकेच्या एका पानाने घेतली आहे, आणि त्या पानावर एकदा गेलेले नाव हौसेखातर बदलता येत नाही. चूक झाली असे पुराव्यानिशी दाखवले तर कलम १५ खाली दुरुस्ती होते; मन बदलले, ही चूक धरली जात नाही.

एका अक्षराने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी मारवाडी पेढ्यांवर सांगितली जाणारी जुनी गोष्ट पुरेशी आहे. मुनीमजींच्या महाजनी लिपीत काना-मात्रा देत नसत. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहून पाठवलेले पत्र गावाकडे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेले आणि घरात रडारड झाली. गोष्ट खरी की रचलेली हे कोणी तपासलेले नाही. पण तेथे निदान पत्र वाचणारा माणूस होता आणि दुसऱ्या दिवशी काकाजी परत आले की प्रश्न मिटत होता. आजचा वाचणारा बहुतेक वेळा यंत्र असतो. पारपत्राच्या पहिल्या पानाच्या तळाशी प्रत्येकी ४४ चिन्हांच्या दोन ओळी असतात; त्यांतील नावाच्या वाट्याला ३९ जागा येतात आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांखेरीज दुसरे काही तेथे मावत नाही. त्या यंत्राला ‘ऋ’ ठाऊक नाही. ‘आय’ आणि ‘यू’ ही त्याच्या लेखी दोन वेगळी माणसे आहेत. आधारमध्ये नाव बदलण्याची संधी जन्मात दोनदाच मिळते. पॅन, बँक खाते, डीमॅट खाते या सगळ्या ठिकाणी एकाचे नाव दुसऱ्याशी ताडून पाहिले जाते, आणि ताडणारा समजूतदार असेलच अशी खात्री नसते.

मुलाच्या नावाचा वाद दहाव्या महिन्यापर्यंत असाच लोंबकळला. तो सुटला दुसऱ्याच एका नावामुळे.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवून दिला आहे. नाव नोंदवायला जाण्यापूर्वी बाळाच्या वडिलांनी प्रमाणपत्राची प्रत घरी आणली आणि सर्वांनी ती पाहिली. आडनावाविषयी शंका नव्हती. सोलापूर, फलटण, बारामतीकडची अनेक घरे ‘शहा’ या उच्चाराप्रमाणे इंग्रजीत शेवटी ‘ए’ लावतात, मुंबईची भावकी लावत नाही. पण या घराचे सगळे कागद ‘ए’सह एकसारखे होते. प्रश्न आईच्या नावाचा निघाला.

सूनबाईंचे नाव प्रज्ञा. ‘ज्ञ’ हे अक्षर ‘ऋ’पेक्षाही अवघड. मराठी माणूस त्याचा उच्चार ‘द्न्य’ करतो, म्हणून ज्ञानेश्वर इंग्रजीत ‘डी’ने सुरू होतो. हिंदी-मारवाडी घरात ‘ग्य’ म्हणतात, गुजरातीत ‘ग्न’. नगरच्या घरी जन्मलेल्या या मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर, पदवीवर, पॅनवर आणि पारपत्रावर ‘जी-वाय’ होते. लग्नानंतर सासरच्या मंडळींनी विवाह नोंदणीचा अर्ज भरला तेव्हा आपल्या उच्चाराप्रमाणे ‘डी-एन-वाय’ लिहिले. तेच पुढे आधारवर गेले, तेच बँकेच्या संयुक्त खात्यावर, आणि प्रसूतीच्या वेळी नवऱ्याने रुग्णालयाचा अर्ज भरला तेव्हा तेच बाळाच्या जन्माच्या नोंदीवर. कोणाचा हेतू वाईट नव्हता. ‘प्रज्ञा’ हे नाव कसे लिहितात हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणून तिला विचारावे असे कोणाला वाटलेच नाही.

ती प्रत हातात घेऊन बराच वेळ बसली. मग सासूबाईंना म्हणाली, “आई, या कागदावर त्याची आई म्हणून जिचे नाव आहे, तिने दहावीची परीक्षा दिलेली नाही.”

बाळाच्या वडिलांना हे बोलणे अतिशयोक्तीचे वाटले. आधारवर आता ‘डी’ आहे, तेव्हा राहिलेले दोन-चार कागद त्याप्रमाणे करून घेऊ, असे ते म्हणाले. दोन-चार कागद म्हणजे गुणपत्रिका, पदवी, पॅन आणि पारपत्र. सोलापूरच्या आजोबांनाही मुलाचे म्हणणे सोयीचे वाटत होते. आजी मात्र उठल्या आणि कपाटातून एक जुनी कापडी पिशवी घेऊन आल्या.

त्या पिशवीतील कागद घरातील पुरुषमंडळींनी पाहिले होते, पण केवळ काम म्हणून. आजींचे लग्न झाले तेव्हा सासरी नाव बदलण्याची रीत होती. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि माहेरचे नाव त्या दिवशी थांबले. ते येथे देण्याचे कारण नाही. नातवंडांनाही ते ठाऊक नव्हते. पण त्यांच्या वडिलांनी मुलीच्या लहानपणी तिच्या नावे एका कंपनीचे थोडे शेअर घेऊन ठेवले होते. वडील गेल्यावर भावाने ती प्रमाणपत्रे बहिणीला आणून दिली. तोवर लाभांश सात वर्षांहून अधिक काळ कोणी उचलला नव्हता, आणि कंपनी अधिनियम, २०१३ प्रमाणे शेअर व लाभांश दोन्ही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग झाले होते. ते परत मागायचे तर प्रमाणपत्रावरील मुलगी आणि समोर उभी असलेली आजी एकच आहेत हे सिद्ध करायला हवे होते. लग्नाची नोंदणी त्या काळी केलेली नव्हती. शाळेचा दाखला मिळाला, त्यात जन्मतारीख निराळी. अखेर माहेरच्या एका नातेवाइकाच्या ट्रंकेत लग्नपत्रिका सापडली, तिच्यावर माहेरचे नाव होते. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील प्रसिद्धी, दोन साक्षीदार आणि दोन वर्षे, एवढे लागले. रक्कम फार मोठी नव्हती. मिळालेले पैसे आजींनी पांजरापोळाला दिले.

पिशवीतील प्रतिज्ञापत्र सुनेसमोर ठेवून आजी म्हणाल्या, “हे बघ. यात मी शपथेवर सांगितले आहे की मी मीच आहे. तुझ्यावर ही वेळ कशाला? तू ज्या नावाने आलीस तेच राहू दे.”

यानंतर चर्चा झाली ती फक्त क्रमाची. आधी सूनबाईंचे आधार पारपत्राप्रमाणे ‘जी’ने दुरुस्त करून घेतले. ते हातात आल्यावर पारपत्र, गुणपत्रिका व पॅन यांच्या प्रती जोडून बाळाच्या नोंदीतील आईच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज कलम १५ खाली दिला. बँक खाते त्यानंतर. हा क्रम उलटा केला असता तर प्रत्येक खिडकीवर एक कागद दुसऱ्याला खोटे पाडत राहिला असता. विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावरील दुरुस्ती अजून बाकी आहे, ती होईल.

आणि बाळाचे नाव? सर्वांनी गृहीत धरले होते की आईच्या नावात नगर जिंकले तेव्हा मुलाच्या नावातही जिंकणार. नगरच्या आजोबांनी तर तसे बोलूनही दाखवले. निर्णय सूनबाईंनी केला. त्या वडिलांना फोनवर म्हणाल्या, “पप्पा, मला तुम्ही प्रग्या म्हणून हाक मारलीत, म्हणून माझ्या कागदावर ती अक्षरे आहेत. याला इथे दिवसभर सगळे रुषभ म्हणतात. तो मान वळवतो ती त्याच हाकेला.” पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग, “चांदीच्या वाटीचे काय करायचे?” असा प्रश्न आला. वाटीत खीर तेवढीच मावते, असे उत्तर नानींनी मागून दिल्याचे ऐकू आले.

महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात १२ महिने पुरे व्हायला नऊ दिवस उरले असताना बाळाचे आई-वडील गेले. तेथील लिपिकाने आधी इंग्रजी रकाना भरला. मराठी रकान्यात पडद्यावर ‘रुषभ’ असे उमटले. सूनबाईंनी थांबवले. इंग्रजीत ‘यू’ हवा, पण मराठीत ‘ऋ’ हवा, असे त्यांनी सांगितले. उच्चाराप्रमाणे लिहिण्याची सक्ती परक्या लिपीत असते. नागरी लिपीजवळ त्या स्वराचे स्वतःचे अक्षर आहे, मग तेथे तडजोड का करावी? लिपिकाला तो स्वर कळफलकावर चटकन सापडेना. रांगेतल्या एका तरुणाने वाकून कळ दाखवली. छापण्यापूर्वी लिपिकाने कच्ची प्रत काढून दोघांच्या हाती दिली आणि मोठ्याने वाचायला सांगितले, ही त्याची पद्धत प्रत्येक कार्यालयाने उचलावी अशी आहे. वडिलांनी वाचले, मग आईने अक्षर अन् अक्षर बोट ठेवून वाचले. ऋषभ, प्रज्ञा, वडिलांचे नाव, शहा.

पहिल्या वाढदिवसाला बाळाच्या नावाने बँकेत खाते उघडले गेले. नगरच्या आजोबांनी नातवासाठी ११,००० रुपयांचा चेक पाठवला. त्यावर सवयीने ‘आय’ पडला होता. जावयांनी अदबीने कळवले, तेव्हा आजोबांनी चेक परत मागवला, ‘आय’वर गिरवून ‘यू’ केला, शेजारी सही ठोकली आणि पुन्हा पाठवला. त्यांच्या पेढीवर चाळीस वर्षे असेच चालत आले होते. पण सीटीएस-२०१० ची प्रमाणके आल्यापासून चेकवर तारखेच्या मुदतवाढीखेरीज कोणतीही खाडाखोड चालत नाही, सही केली तरी नाही. जावयांना दुसऱ्यांदा फोन करावा लागला. तिसऱ्या खेपेला नवा चेक आला. त्यावरचे बाकीचे नाव नेहमीच्या पळत्या अक्षरात होते, ‘यू’ तेवढा सावकाश काढलेला, ठळक आणि किंचित मोठा.